कमी चाललेली

बावीस हजार मैल. सव्वीस वर्षांत.
जाहिरातीत एवढाच आकडा ठळक होता
आणि मी त्याच्यावरच भाळलो,
माणूस न बघता
कुणी पत्रिकेवर भाळावं तसा.

बार्मथच्या वर, पाटीच्या दगडाच्या छपराखाली
गॅरेजचं दार अर्धं उघडून नेस्ट उभी होती
नवऱ्याच्या स्वेटरमध्ये.
खाली समुद्र.
टेगवेननं हवा हुंगली, म्हणाली, "मीठ,"
आणि टॉर्च घेऊन गाडीखाली आडवी झाली.

टेगवेन माझी मेहुणी.
चाळीस वर्षं इंजिनं उघडतेय,
स्वतः मात्र फारशी उघडत नाही.

मी वर उभा, हिरवा रंग बघत.
असा हिरवा आता कुणी बनवत नाही.
दोनच सीटा, कातड्याचा वास,
स्टिअरिंग अंगठ्यापाशीसुद्धा न झिजलेलं.

नेस्टनं फाईल आणली.
मर्विन शाळेत भूगोल शिकवायचा,
प्रत्येक बिलावर त्याचं मुंगीएवढं अक्षर:
ऑइल बदललं.
पुन्हा ऑइल बदललं.
दोन बिलांमध्ये चाळीस मैल.
"पावसात कधी बाहेर काढली नाही त्यानं," ती म्हणाली.
वेल्समध्ये याचा अर्थ
जवळजवळ कधीच काढली नाही.

खालून आवाज आला:
"सील सुकलेत सगळे.
ब्रेकची नळी गंजलीय, अजून धरतेय म्हणा.
टायरची नक्षी नवीकोरी,
टायर चौदा वर्षांचे."
मग तिनं एका बेअरिंगचं नाव घेतलं,
इंजिनाच्या पोटात कुठेतरी, मुठीत मावेल एवढं,
जे आधी कुरकुरत नाही, गरम होत नाही,
एका सकाळी सुटतं
आणि जाताना सगळं घेऊन जातं.
"कुणाचं जातं ते?"
"कुणाचंही. पण जास्त करून उभ्या राहिलेल्यांचं."

बाहेर येऊन तिनं हात पुसले.
"दीड लाख मैल झालेली घे," म्हणाली,
नेस्टला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
"रोज कुणीतरी उशीर झाला म्हणून पिटाळलेली.
तिचं जे मोडायचं ते मोडून झालेलं असतं."

किंमत पाडायची वेळ हीच,
हे मला कळत होतं.
तीन हजार कमी. वाक्य घरून पाठ करून आलो होतो
इंग्रजीत,
कारण आमच्या वेल्शमध्ये ते फारच उद्धट वाटलं.

"मी तिच्यात कधी बसले नाही," नेस्ट म्हणाली.
आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.
"माझ्या बुटांना वाळू असायची."

पाऊस भुरभुरत होताच, आता नीट लागला.
मी किल्ली मागितली.
"ब्रेकची नळी," टेगवेन म्हणाली.
"हळू नेतो."
"हळू म्हणजे किती?"
मी उत्तर दिलं नाही.

गाडी दोनदा खोकली, मग धरली.
वायपर काचेवर अडकला, थरथरला,
रबराची एक काळी चंद्रकोर मागे ठेवून
धावायला लागला.
नेस्ट फाईल मांडीवर घेऊन बसली होती,
दवाखान्यात रिपोर्ट घेऊन बसतात तशी.
पोस्टाच्या उतारावर मागचं इंजिन
एकदम खालच्या आवाजात गायला लागलं
आणि ती हसली. मोठ्यानं. एकदाच.

"हा पिवळा दिवा कसला?"
"काही नाही," मी म्हणालो.
कसला ते मला ठाऊक नव्हतं.

परत आलो तेव्हा टेगवेन फाटकात भिजत उभी,
घड्याळ बघत.
नेस्ट उतरली नाही.
फाईलच्या खिशातलं त्याचं पेन काढलं,
शेवटच्या बिलाखाली, जागा नव्हती तिथं
तिरकं, मोठ्या अक्षरात लिहिलं:
चार मैल. पाऊस.

सीटखालच्या गालिच्यावर वाळू पडली होती.
किमतीचं अजून कुणीच काही बोललं नव्हतं.